बेसबॉलचा ऑल-स्टार सामना: अजून बघण्यासारखं काही उरलंय का?

रेवाकाठ (धागाकर्ती)

मंगळवारी रात्री अटलांटाचा २०२५ चा ऑल-स्टार सामना शेवटपर्यंत बघितला. मेजर लीगच्या दोन भागांतले, नॅशनल आणि अमेरिकन लीगचे, निवडक खेळाडू यात समोरासमोर असतात. नॅशनल लीग ६-० नं पुढे होती, अमेरिकन लीगनं बरोबरी गाठली आणि नऊ इनिंगनंतर ६-६ झाले. पुढे जादा इनिंग नाहीतच. नव्या नियमानं दोन्हीकडचे तीन-तीन बॅटर, प्रत्येकाला तीन फटके, ज्यांचे होमरन (थेट मैदानाबाहेरचे टोले) जास्त ते जिंकले. फिलाडेल्फियाच्या काइल श्वार्बरनं तीनपैकी तीन बाहेर टोलवले. तिसरा मारताना तर त्याचा गुडघा जमिनीला टेकला होता. नॅशनल लीग ४-३ नं जिंकली. मी सोफ्यावरून उठून टाळ्या वाजवल्या. घरात जागं कुणीच नव्हतं.

सकाळी मुलाला उत्साहानं सांगायला गेले. वय वर्षं एकोणीस, शाळेत चार वर्षं कॅचर (आपल्या यष्टिरक्षकासारखा) म्हणून खेळलेला. तो म्हणाला, "आई, मी दोन मिनिटांत सगळं बघितलं. तू साडेतीन तास का बसलीस?"

हा प्रश्न दोन दिवस डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

मी न्यू जर्सीत आले १९९८ साली. दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात बाबा सांगलीहून दोन महिने राहायला आले. ते तरुणपणी क्लबकडून मध्यमगती टाकायचे, बेसबॉलचा मात्र गंध नव्हता. १३ जुलै १९९९, बॉस्टनच्या फेनवे पार्कवरचा ऑल-स्टार सामना आम्ही दोघांनी टीव्हीवर बघितला. सुरुवातीला बॉस्टनचे जुने महान बॅटर, ऐंशी वर्षांच्या टेड विल्यम्सना गोल्फ कार्टमधून मैदानात आणलं. दोन्ही संघांचे खेळाडू त्यांच्याभोवती गोळा झाले. जागेवर जा म्हणून माइकवरून सांगितलं तरी कुणी हलेना. पहिला चेंडू टाकताना टोनी ग्विननं त्यांना धरलं होतं. बाबांना यातलं एकही नाव माहीत नव्हतं. तरी ते खुर्चीतून पुढे सरकून बसले होते.

मग बॉस्टनचा पिचर (म्हणजे गोलंदाज) पेद्रो मार्टिनेझ आला. लार्किन, वॉकर, सोसा, मग दुसऱ्या इनिंगला मॅकग्वायर, ओळीनं चौघं स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद. ऑल-स्टार सामन्यात पहिल्याच चौघांना असं कुणी घालवलेलं नव्हतं. पुढे बॅगवेलही गेला. सहातले पाच. सोसा आणि मॅकग्वायर म्हणजे आदल्या वर्षी ६६ आणि ७० होमरन मारलेली माणसं! बाबा म्हणाले, "याला दोनच ओव्हरचा स्पेल मिळालाय हे ठाऊक आहे. म्हणून काही राखून ठेवत नाहीये."

माझ्यासाठी हा सामना बघायचं कारण आजही तेच वाक्य आहे. एरवी पिचरला सहा-सात इनिंग काढायच्या असतात, तो अंगातलं बळ पुरवून वापरतो. इथे एक-दोनच इनिंग, म्हणून जे आहे ते सगळं ओततो. परवा पिट्सबर्गच्या पॉल स्कीन्सनं पहिल्या दोघांना ताशी १०० मैलांच्या आसपासच्या चेंडूंवर घालवलं. आपल्या हिशेबात ताशी १६० किलोमीटर. असा चेंडू कुणी गंमत म्हणून टाकत नाही.

पण मुलाचं म्हणणंही खोटं नाही. अर्धे तारे तिसऱ्या-चौथ्या इनिंगनंतर मैदानाबाहेर. दुखापती आणि माघारी इतक्या की यंदा ऑल-स्टार म्हणून निवडलेल्यांचा आकडा ८० च्या वर गेला. तुम्ही बघता का? बघत असाल तर कशासाठी? आणि सोडला असेल तर कधी आणि का सोडला?

चौथा_स्टंप

रेवाताई, मी वीस वर्षं बघितला आणि मग सोडला. कारण नेमकं सांगतो.

हा सामना उभा होता एका गोष्टीवर. दोन लीग म्हणजे दोन वेगळी गावं. १९९७ पर्यंत अमेरिकन आणि नॅशनल लीगचे संघ साखळीत एकमेकांशी खेळतच नसत. गाठ पडायची ती वर्ल्ड सिरीजला (दोन लीगच्या विजेत्यांची अंतिम मालिका), नाहीतर या एका रात्री. अंपायर वेगळे, लीगचे अध्यक्ष वेगळे, १९७३ पासून नियमसुद्धा वेगळे: एकीकडे पिचरच्या जागी दुसरा माणूस बॅटिंग करणार, दुसरीकडे पिचरनंच बॅट धरायची. माझ्या लीगच्या पिचरपुढे तुमच्या लीगचा बॅटर उभा राहणं हे वर्षातून एकदा दिसणारं दृश्य होतं.

आता? १९९७ ला लीगबाहेरचे सामने सुरू झाले, २००० पर्यंत अंपायर एक झाले, २०२२ मध्ये पिचरची बॅटिंग गेली, २०२३ पासून प्रत्येक संघ दरवर्षी उरलेल्या सगळ्या संघांशी खेळतो. ज्या लढतीची वाट बघायची ती मे महिन्यातल्या कुठल्याही मंगळवारी होऊन गेलेली असते.

लोकांनाही ते कळलंय. १९७६ मध्ये साडेतीन कोटींहून जास्त अमेरिकन घरी बसून हा सामना बघत होते. आता सत्तर लाखांच्या आसपास बघतात. टीव्ही बघण्याच्या सवयी बदलल्या हे कबूल, पण एवढी घसरण फक्त सवयींनी होत नाही.

सायली_म

वाचतेय. मला बेसबॉलमधलं फार कळत नाही, पण बाबांचा प्रसंग फार आवडला.

एक शंका: यंदा सगळे आपापल्या क्लबच्या कपड्यांत होते ना? मागे एकदा बघितलं तेव्हा सगळ्यांचे एकसारखे होते, कोण कुठला काही कळत नव्हतं.

रेवाकाठ

सायली, हो. २०२१ पासून चार वर्षं लीगचा एकच गणवेश होता, यंदा परत ज्याचा त्याचा क्लब. मला तर हा यंदाचा सगळ्यात चांगला निर्णय वाटला. मैदानात तीस संघांची माणसं एकत्र उभी आहेत हे दिसायलाच हवं. लहान गावाचा संघ रसातळाला असला तरी त्याचा एक तरी खेळाडू घ्यावाच लागतो, हा नियम याच कारणानं मला प्रिय आहे. त्या गावातल्या पोराला आपली टोपी त्या रांगेत दिसते.

पहाटवारा

पुण्याहून लिहितोय. आमच्याकडे हा सामना बुधवारी पहाटे साडेपाचला लागतो. गेली नऊ वर्षं एकही चुकवलेला नाही. चहा करतो, बाल्कनीचं दार उघडं ठेवतो, आवाज बारीक. आठच्या सुमाराला बायको डबा भरते तेव्हा सातवी-आठवी इनिंग चालू असते.

मला परवाचा शेवट पटला नाही, आणि मनापासून पटला नाही. १४ सप्टेंबर २००७, डर्बन आठवतंय का? टी-ट्वेंटी वर्ल्ड कपमध्ये भारत-पाकिस्तान बरोबरीत सुटला आणि बोल-आउटनं निकाल लावला. सेहवाग, हरभजन, उथप्पा, तिघांनी स्टंप उडवले, पाकिस्तानचे तिघंही चुकले. आपण नाचलो, मीही नाचलो. पण बॅट हातात घेतलेला माणूसच समोर नाही, मग त्याला क्रिकेट कसं म्हणायचं? क्रिकेटनं ते लवकरच सोडून दिलं आणि सुपर ओव्हर आणली, कारण सुपर ओव्हरमध्ये निदान दोन्ही बाजू खेळतात.

रेवाताई, तुमचा सगळा मुद्दा पिचर आणि बॅटरच्या झुंजीवर उभा आहे. मग ज्या शेवटात पिचरच नाही, एक प्रशिक्षक मारता येतील असे सोपे चेंडू टाकतोय, त्यावर तुम्ही टाळ्या कशा वाजवल्या? भांडायला विचारत नाहीये. मलाच माझ्या मनातलं नीट कळत नाहीये, कारण श्वार्बरचा तिसरा गेला तेव्हा मीही ओरडलो आणि शेजारच्यांनी खिडकी उघडली.

निळी_छत्री

पहाटवारा, दुसरा पर्याय काय असतो ते मी डोळ्यांनी बघितलंय. ९ जुलै २००२, मिल्वॉकी. मी आणि नवरा वरच्या मजल्यावर होतो, लग्नानंतरचा आमचा पहिला मोठा खर्च. पहिल्याच इनिंगला टोरी हंटरनं भिंतीवरून हात घालून बॅरी बाँड्सचा होमरन हिसकावला आणि बाँड्सनं त्याला हसत हसत खांद्यावर उचललं. त्या क्षणी वाटलं, पैसे वसूल झाले.

अकरा इनिंगनंतर ७-७. दोन्ही संघांकडचे पिचर संपलेले. मेजर लीगचे प्रमुख, कमिशनर बड सेलिग पुढच्या रांगेत बसले होते, ते हात पसरून बोलतायत एवढं लांबून दिसलं. मग जाहीर झालं की सामना बरोबरीत. ते स्टेडियम त्यांच्याच शहरातलं, आणि लोक ओरडत होते. चारच दिवसांपूर्वी टेड विल्यम्स गेले होते, त्या वर्षीपासून सामनावीराच्या बक्षिसाला त्यांचं नाव दिलेलं, आणि ते बक्षीस घ्यायला कुणीच नाही. परतताना गाडीत आम्ही दोघं गप्प होतो.

त्यावर उपाय काय काढला? २००३ पासून जी लीग जिंकेल तिच्या संघाला वर्ल्ड सिरीजमध्ये घरच्या मैदानाचा फायदा. "बघण्यासारखा करायचा" म्हणून सामन्याला वजन बांधलं. २०१६ मध्ये शिकागो कब्ज १०३ सामने जिंकून आले होते, क्लीव्हलँड ९४. तरी सातवा, निर्णायक सामना क्लीव्हलँडला, कारण जुलैत अमेरिकन लीग जिंकली होती! कब्ज तरीही जिंकले म्हणून फार बोंब झाली नाही. पुढच्या वर्षीपासून तो नियम काढून टाकला आणि ते योग्यच झालं.

म्हणून मला परवाचा शेवट चालतो. आलेल्या माणसाला निकाल घेऊन घरी जाऊ द्या, आणि त्या निकालावर दुसरं काही टांगू नका.

मोगरा_शिकागो

या सामन्याचा जन्म आमच्या शहरातला, म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही.

६ जुलै १९३३, कॉमिस्की पार्क. मंदीचे दिवस होते आणि शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलेलं. शिकागो ट्रिब्यूनचे क्रीडा संपादक आर्च वॉर्ड यांनी प्रदर्शनाच्या निमित्तानं एकदाच असा सामना घ्यायचा घाट घातला. आलेला पैसा गरजू माजी खेळाडूंना जाणार होता. अडतिसाव्या वर्षी बेब रूथनं ऑल-स्टारमधला पहिला होमरन मारला आणि अमेरिकन लीग ४-२ नं जिंकली. ही गोष्ट सगळीकडे सांगतात.

त्याच मैदानावर, त्याच वर्षी १० सप्टेंबरला दुसरा ऑल-स्टार सामना झाला, तो मात्र धाग्यावर अजून कुणाच्या तोंडी आलेला नाही. काळ्या खेळाडूंना मेजर लीगचं दार बंद होतं. पिट्सबर्गचे गस ग्रीनली यांच्या पुढाकारानं निग्रो लीगच्या खेळाडूंचा ईस्ट-वेस्ट सामना सुरू झाला. शिकागो डिफेंडर, पिट्सबर्ग कुरिअर अशा काळ्या वर्तमानपत्रांतून लोक मतं पाठवायचे आणि संघ ठरायचा. दहा वर्षांनी, १९४३ मध्ये, या सामन्याला ५१ हजारांवर लोक आले. दक्षिणेतून आगगाडीनं यायचे. ज्या देशात तुम्हाला हॉटेलात खोली मिळत नाही, तिथे मोठ्या लीगचं आख्खं स्टेडियम एक दिवस तुमचं.

जॅकी रॉबिन्सन १९४७ ला आला आणि मेजर लीगचं ते दार उघडलं. १९४९ च्या ऑल-स्टारमध्ये ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर रॉबिन्सन, कँपनेला, न्यूकम आणि डोबी, असे पहिल्यांदाच काळे खेळाडू उतरले. आणि चौथा_स्टंप, तुम्ही दोन लीगच्या वेगळेपणाबद्दल लिहिलंत, त्याची ही बाजूही बघा. नॅशनल लीगनं काळ्या खेळाडूंना लवकर आणि जास्त संख्येनं घेतलं. मेज, ॲरन, क्लेमेंटे, गिब्सन सगळे तिकडे. १९६३ ते १९८२ या काळातल्या वीस ऑल-स्टार सामन्यांपैकी एकोणीस नॅशनल लीगनं जिंकले. कुणी दार उघडलं आणि कुणी उशीर केला याचा हिशेब दरवर्षी जुलैत सगळ्या देशासमोर मांडला जायचा. माझ्या दृष्टीनं हा सामना नुसता दिखाव्याचा कधीच नव्हता.

परवा अटलांटात १९७४ च्या रात्रीची आठवण जागवली. हँक ॲरननं बेब रूथचा होमरनचा विक्रम मोडला, तो ७१५ वा होमरन. मैदानावर प्रकाशानं ते सगळं उभं केलं होतं. दोन मिनिटांच्या क्लिपमध्ये ते असेल असं मला वाटत नाही.

दिवेआगर

मोगरा, ईस्ट-वेस्टबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. धन्यवाद. दोनदा वाचलं.

चौथा_स्टंप

मोगराताई, प्रतिसाद अतिशय मोलाचा, आणि तुमचा मुद्दा मान्य. पण तो इतिहासाचा झाला. प्रश्न आज बघायचा का, हा आहे.

ज्यांना श्रेष्ठ विरुद्ध श्रेष्ठ बघायचंय त्यांच्यासाठी आता वर्ल्ड बेसबॉल क्लासिक ही देशादेशांची स्पर्धा आहे. मार्च २०२३, मायामी, जपान ३ अमेरिका २, शेवटची इनिंग, दोन आउट, पिचर जपानचा ओहतानी आणि समोर अमेरिकेचा माइक ट्राउट. तेव्हा दोघं एकाच क्लबचे, म्हणून एकमेकांसमोर कधी येण्याचा प्रश्नच नव्हता. तीन-दोनचा काउंट (तीन चुकीचे चेंडू, दोन स्ट्राइक), शेवटचा चेंडू बाहेर वळला, ट्राउटची बॅट हवेत. छातीवर देशाचं नाव असताना ते झालं, म्हणून ते कुणी विसरणार नाही. ऑल-स्टारमध्ये तोच स्ट्राइकआउट झाला असता तर दोघं हसून एकमेकांना टाळी देऊन गेले असते.

आणि मानाचं म्हणाल तर यंदा मिल्वॉकीच्या मिसिओरोव्स्कीला मेजर लीगमधल्या अवघ्या पाच सामन्यांनंतर निवडलं. मुलगा विलक्षण आहे, त्याचा काही दोष नाही. पण दहा-दहा वर्षं खपून एकदाही निवड न झालेल्यांना काय वाटलं असेल?

ओसाका_ते_ओतूर

जपानात सहा वर्षं काढली, तिथली एक गोष्ट सांगतो.

तिकडे सेंट्रल आणि पॅसिफिक अशा दोन लीग आहेत आणि उन्हाळ्यात ऑल-स्टारचे एकाहून जास्त सामने होतात. १७ जुलै १९७१, निशिनोमिया. हानशिन टायगर्सचा डावखुरा पिचर युताका एनात्सु. पिचरला जास्तीत जास्त तीन इनिंग टाकायची मुभा. तीन इनिंगमध्ये नऊ बॅटर, आणि त्यानं नऊच्या नऊ स्ट्राइकआउट केले. मधल्या वेळात बॅट घेऊन एक होमरनही मारला. माझे साहेब तेव्हा शाळेत होते, त्यांनी ते रेडिओवर ऐकलं होतं. पन्नास वर्षांनी सांगतानाही ते नऊ नावं बोटांवर मोजून म्हणायचे.

चौथा_स्टंप, देशाचं नाव छातीवर असलं की खेळाडू जिवाच्या आकांतानं खेळतो हे खरं, पण हरण्याची भीतीही बरोबर येते. एनात्सुला त्या रात्री हरण्याची भीती नव्हती. वर्षातून एकदा माणूस भीतीशिवाय किती चांगलं खेळू शकतो, तेही बघायला मिळावं.

दादरकर_क्वीन्स

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. मला एकाच मैदानाबद्दल लिहायचंय, न्यू यॉर्कचं सिटी फील्ड, माझ्या घरापासून सात नंबरच्या ट्रेननं वीस मिनिटं.

१६ जुलै २०१३. यांकीजच्या मारियानो रिव्हेराचं शेवटचं वर्ष आणि शेवटचा ऑल-स्टार सामना. एरवी तो नववी इनिंग टाकायचा. त्या दिवशी त्याला आठवीतच आणलं, कारण नववी टाकायची वेळ येईलच याची खात्री नव्हती. तो धावत मध्यावर आला आणि बघतो तर मैदान रिकामं. दोन्ही डगआउटमधले (मैदानालगतच्या बसायच्या जागेतले) खेळाडू कठड्याशी उभे राहून टाळ्या वाजवतायत. ते मेट्सचं, शहरातल्या दुसऱ्या क्लबचं मैदान, यांकीजच्या माणसाला तिथे एरवी कोण टाळ्या देतं! मी मेट्सवाला. उभा होतो आणि डोळे पुसत होतो.

७ नोव्हेंबर २०१५. त्याच मैदानावर सचिन आणि वॉर्नचे संघ, नावच क्रिकेट ऑल-स्टार्स. बाहेरून आणलेली खेळपट्टी मधोमध बसवलेली, सीमारेषा कुठे लांब कुठे जवळ. लारा, मुरली, अक्रम, सेहवाग एकाच दिवशी. पुढे ह्यूस्टन आणि लॉस एंजेलिसलाही तेच, तिन्ही सामने वॉर्नच्या संघानं जिंकले. निकाल मलाही शोधावा लागतो, इतका तो बिनमहत्त्वाचा. पण सचिन बॅट घेऊन बाहेर आला तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या बाई, साठीच्या, नऊवारीवर थंडीचा कोट घातलेल्या, मुलाला फोनवर सांगत होत्या, "अरे दिसतोय, मला दिसतोय!" मुलगा बहुतेक डोंबिवलीत टीव्हीवर त्यांच्यापेक्षा जवळून बघत असेल.

दोन्ही वेळा निकालाला अर्थ नव्हता आणि दोन्ही वेळा घरी जावंसं वाटेना. चौथा_स्टंप, तुमचे आकडे खरे आहेत. पण तुम्ही हा सामना स्पर्धेच्या तराजूत घालताय. मी तो पंढरीच्या वाटेवरच्या रिंगणासारखा बघतो. घोडा कितव्या फेरीला पुढे गेला हे कुणी विचारत नाही, रिंगण बघायला मात्र लोक तासन् तास उभे राहतात.

पहाटवारा

रिंगणाचं पटलं. आमच्याकडे पालख्या नुकत्याच पोचल्या, म्हणून जास्तच पटलं.

पण बेसबॉलच्या बाजूनं एक सांगतो, ज्यानं माझंच कोडं थोडं सुटलं. बाकीच्या खेळांचे ऑल-स्टार सामने बघा. बास्केटबॉलचा २०२४ चा २११-१८६ नं संपला, बचाव कुणी केलाच नाही. अमेरिकन फुटबॉलवाल्यांनी तर खरा सामना बंद करून फ्लॅग फुटबॉल सुरू केलं. तिथे सगळ्यांनी मिळून अंग चोरायचं ठरवलं की खेळच उरत नाही. बेसबॉलमध्ये मात्र पिचर एकटा आणि बॅटर एकटा. दोघांतला एक जरी जीव लावून खेळला तरी दुसऱ्याला लावावाच लागतो. म्हणून नऊ इनिंगपर्यंत तो खरा सामना राहतो. माझा आक्षेप शेवटच्या फटक्यांपुरता आहे आणि तो राहील.

चौथा_स्टंप

पहाटवारा, "दोघांतला एक जरी" हे मी कधी असं बघितलं नव्हतं. उत्तर सुचत नाहीये. यंदा मी फक्त क्लिप बघितली होती. आज रात्री पहिल्या तीन इनिंग पूर्ण बघतो. दुसऱ्या इनिंगला लॉस एंजेलिसचा जुना पिचर कर्शॉ येतो ना?

रेवाकाठ

हो, दुसऱ्या इनिंगला. दोनच बॅटर, दुसरा ग्वेरेरो, त्याला स्ट्राइकआउट केला आणि तिथेच त्याला काढून घेतलं. टाकताना टीव्हीवाल्यांशी बोलतही होता. मला ते बोलणं नको वाटतं, पण त्याचा चेहरा बघा.

पहाटवारा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर दोन दिवस शोधत होते. टाळ्या मी त्या फटक्यांसाठी वाजवल्या नाहीत. कॅमेरा डगआउटकडे गेला तेव्हा इतक्या उशिरा जे थांबले होते ते सगळे पोरांसारखे कठड्यावर चढून ओरडत होते, त्यांच्यासाठी वाजवल्या. शेवट मात्र तुम्ही म्हणता तसाच अपुरा आहे. निदान समोर खरा पिचर हवा.

मुलाला काल हा धागा वाचून दाखवला. मराठी वाचता येत नाही त्याला, ऐकून कळतं. आजोबांचं वाक्य त्याला माहीत नव्हतं, मी कधी सांगितलंच नव्हतं. थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, कॅचरला ते आधी कळतं, हातमोज्यात चेंडू वेगळा लागतो, तेव्हा समजतं की आज हा काही राखून ठेवणार नाही. नंतर त्यानं पेद्रोच्या त्या दोन इनिंग लावल्या आणि आम्ही दोघांनी जेवता जेवता पूर्ण बघितल्या.

पुढच्या वर्षी, २०२६ ला, सामना फिलाडेल्फियाला आहे, आमच्यापासून दीड तास. दोन तिकिटं काढायची म्हणतेय. तिकडचं कुणी आहे का? गाडी घेऊन जावं की ट्रेन बरी?

चेरीहिलची_मावशी

ट्रेन. गाडी आमच्या दारात लावा, इथून पॅटकोच्या लोकलनं शहरात, तिथून ब्रॉड स्ट्रीट लाइन मैदानापर्यंत नेते. परतायला रात्र होईल, तेव्हा मुक्काम इथेच करा. पिठलं-भाकरी तयार असेल, कितीही वाजता या.